हिरा आधी की कोंदण?

संघ बांधताना आधी काय पाहावे? समोर आलेला सर्वांत गुणी माणूस उचलावा आणि त्याच्यासाठी जागा मागाहून करावी, की आपल्याकडे कोणती जागा रिकामी आहे हे पाहून त्या जागेपुरताच माणूस शोधावा? पहिल्या मताचे लोक म्हणतात, हिरा रोज सापडत नाही, कोंदण कधीही घडवता येते. दुसऱ्या मताचे लोक म्हणतात, अंगठीच नसेल तर हिरा काय डबीत ठेवून पाहायचा? नाटक कंपन्यांचे मालक या प्रश्नाने झोप गमावून बसत, शाळांचे चालक अजून बसतात. पण हा प्रश्न सर्वांत उघडपणे, धावफलकावर आकडे मांडून, जर कुठे सोडवला गेला असेल, तर तो आमच्या इंदुरात, होळकरांच्या क्रिकेट संघात.

मी दक्षिण तुकोगंजात राहतो. नाथमंदिराचा हा परिसर म्हणजे इंदूरच्या मराठी वस्तीचे एक जुने ठाणे. तुकोगंज हे नावच तुकोजीराव होळकरांची आठवण ठेवणारे आहे. इथून थोड्याच अंतरावर यशवंत क्लब आहे आणि रेसकोर्स रस्त्यावर आताचे होळकर स्टेडियम आहे. पूर्वी त्याचे नाव महाराणी उषाराजे ट्रस्टचे मैदान असे होते, २०१० साली ते बदलून होळकरांचे नाव देण्यात आले. वीरेंद्र सेहवागने डिसेंबर २०११ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ धावा इथेच काढल्या. बाहेरगावच्या पाहुण्याला स्टेडियम ठाऊक असते, होळकर संघ ठाऊक नसतो. माझ्या आजोबांच्या पिढीला मात्र त्या संघातल्या एकेका माणसाची चाल पाठ होती. संध्याकाळी ओट्यावर वाद निघे तो एकच: महाराजांनी बाहेरची माणसे आणली हे बरे केले की वाईट? आजोबा म्हणत, बरे केले. शेजारचे त्यांचे मित्र म्हणत, आपली पोरे बाकावर बसली त्याचे काय? तो वाद कधी मिटला नाही. तो आज तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी हिशेब सांगतो. होळकर या नावाने हा संघ रणजी करंडकात १९४१-४२ ते १९५४-५५ असे चौदा हंगाम खेळला. त्यातल्या दहा हंगामांत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा त्याने करंडक जिंकला, सहा वेळा उपविजेता ठरला. एका संस्थानाच्या, मुंबईपुढे चिमुकल्या असलेल्या शहराच्या संघाने हे करून दाखवले.

*

याच प्रश्नाचे एक परदेशी रूप अलीकडे पाहायला मिळते, म्हणून थोडे बाजूला वळतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलानातवंडांना तिथल्या फुटबॉलचे भारी वेड असते. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नाही. चेंडू लंबगोल, तो बहुतेक वेळ हातातच, आणि प्रत्येक जागेचा माणूस निराळ्या घडणीचा. कुणी फक्त चेंडू फेकायचा, कुणी तो घेऊन पळायचे, आणि काही धिप्पाड गडी तर चेंडूला हातही न लावता केवळ समोरच्याला अडवून धरण्यासाठी उभे. या व्यावसायिक संघांत कॉलेजातून बाहेर पडणारी नवी मुले वाटून घेण्याची एक पद्धत आहे, तिला ड्राफ्ट म्हणतात. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली ती सुचवली आणि १९३६ साली पहिली निवड झाली. नियम साधा: मागच्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याने सर्वांत आधी निवड करायची. म्हणजे दुबळ्याला हात मिळतो आणि श्रीमंताला सगळेच गिळता येत नाही.

पाळी आली की प्रत्येक संघापुढे तोच प्रश्न येतो. समोरचा सर्वोत्तम घ्यायचा की गरजेचा घ्यायचा? १९९६ साली बाल्टिमोरच्या नव्या संघाची चौथी पाळी होती. त्यांना चेंडू घेऊन पळणारा खेळाडू हवा होता आणि लॉरेन्स फिलिप्स नावाचा तसा खेळाडू समोर होताही. निवड करणारे ओझी न्यूसम यांनी त्याला सोडून जोनाथन ऑग्डेन या अडवणाऱ्या गड्याला घेतले. ऑग्डेनची नेहमीची जागा त्या वेळी रिकामी नव्हती, म्हणून पहिल्या वर्षी त्याला शेजारच्या जागी उभे केले. पुढे तो त्या खेळातल्या थोरांच्या यादीत गेला, फिलिप्सची कारकीर्द मात्र लवकरच विस्कटली. २००५ साली ग्रीन बे संघाकडे ब्रेट फार्व्हसारखा नामवंत चेंडूफेक्या असताना त्यांनी ॲरन रॉजर्स हा त्याच जागेचा तरुण घेतला. तीन वर्षे तो बहुतेक बसून राहिला. २००८ पासून जागा त्याची झाली आणि २०१० च्या हंगामात संघ अजिंक्य ठरला.

या उदाहरणांवरून हिराच आधी, असे वाटेल. पण दोन्हींत एक गोष्ट मुरलेली आहे. ऑग्डेनला दुसऱ्या जागी उभे करणारे कुणी होते आणि रॉजर्सला तीन वर्षे थांबवून धरणारे कुणी होते. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवून आपण परत इंदुरात येऊ.

*

आपल्या संस्थानिकांकडे ड्राफ्ट नव्हता, पाळी नव्हती, नियमही फारसा नव्हता. होती ती थैली आणि हौस. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. खेळाडूला नोकरी लागे, आणि नोकरी देण्याची ताकद संस्थानात होती. सैन्यात हुद्दा द्यायचा, राहायला घर द्यायचे, की माणूस त्या गावचा झाला आणि गावचा झाला की संघाचा झाला. नवानगरने याच वाटेने १९३६-३७ चा करंडक मिळवला. बडोद्याने तीच वाट धरली. इंदूरने ती सर्वांत लांबवर चालून दाखवली.

सुरुवात झाली १९२३ साली. नागपूरच्या तेलुगू घराण्यातले कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के., यांना तुकोजीराव महाराजांनी इंदूरला बोलावले आणि होळकर सैन्यात हुद्दा दिला. रणजी करंडक सुरू व्हायला अजून अकरा वर्षे अवकाश होता. तेव्हा कुठली रिकामी जागा भरायची म्हणून नायडूंना आणले, असे म्हणताच येत नाही, कारण संघच नव्हता. हिरा दिसला, घेतला. तीनच वर्षांनी, १९२६ च्या डिसेंबरात, मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी. च्या पाहुण्या संघाविरुद्ध त्यांनी अकरा षटकारांसह १५३ धावा ठोकल्या आणि देशभर नाव झाले. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार तेच होते.

तुकोजीरावांना १९२६ साली गादी सोडावी लागली आणि यशवंतराव गादीवर आले. १९३४ साली यशवंत क्लब स्थापन झाला. त्याच हंगामात रणजी करंडक सुरू झाला, तेव्हा इंदूरचे खेळाडू प्रथम मध्य हिंदुस्थान या संघातून खेळत. १९४१-४२ पासून होळकरांचा स्वतंत्र संघ उतरला आणि मग माणसे जमू लागली.

ती माणसे कुठली कुठली होती पाहा. चंदू सरवटे सागरचे, मराठी घरातले. हिरालाल गायकवाड नागपूरकडचे. सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू बडोद्याकडून खेळून आलेले. तिथे १९४२-४३ च्या एका हंगामात त्यांनी ४० बळी घेतले होते. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. कमल भांडारकर पुण्याचे. खंडू रांगणेकर मुंबई-महाराष्ट्राकडून खेळलेले. आणि खुद्द इंदूरची माती म्हणाल तर मुश्ताक अली, ज्यांना पोरवयात सी. के. यांनी हेरले, आणि माधवसिंह जगदाळे, ज्यांचे चिरंजीव संजय जगदाळे पुढे भारतीय मंडळाचे सचिव झाले. घरात तेलुगू बोलणारा कर्णधार, उर्दू बोलणारा सलामीवीर, मराठी बोलणारे निम्मे गडी आणि बाजारात सगळ्यांची माळवी वळणाची हिंदी. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या वाचकांना हे चित्र नवे वाटणार नाही. माणूस निवडताना त्याची भाषा विचारायची नाही, हा या संघाचा न लिहिलेला नियम होता.

*

आता कसोटीचा पहिला प्रसंग. मार्च १९४५, मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम, रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर.

त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन सैन्यातर्फे इंदूरजवळच्या महू छावणीत होता. असा माणूस उंबरठ्याशी आलेला असताना महाराज त्याला सोडतील कसे? कॉम्प्टन होळकरांच्या संघात आला. ज्याला समोरचा सर्वोत्तम म्हणतात, तो याहून वेगळा काय असणार?

सामना असा झाला. मुंबईच्या पहिल्या डावात ४६२, होळकरांच्या ३६०. दुसऱ्या डावात विजय मर्चंट यांनी एकट्यांनी २७८ केल्या आणि मुंबईने ७६४ पर्यंत मजल मारली. होळकरांना जिंकायला ८६७ हव्या होत्या. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली, १०९ आणि १३९. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. होळकर ४९२ पर्यंत गेले आणि ३७४ धावांनी हरले. चार डावांत मिळून २०७८ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटात एका सामन्यात इतक्या धावा कधी झाल्या नव्हत्या.

पण माझ्या मते या सामन्यातला सर्वांत बोलका आकडा कॉम्प्टनचा नाही, सी. एस. नायडूंचा आहे. त्यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. १५२ षटके आणि वर पाच चेंडू! ४२८ धावा मोजल्या आणि ११ बळी घेतले. लेगस्पिन टाकणाऱ्या माणसाच्या बोटांचे, खांद्याचे काय झाले असेल याची कल्पना करावी. हा पराक्रम खराच, पण पराक्रमाची पाळी माणसावर केव्हा येते? दुसरा कुणी भार उचलणारा नसतो तेव्हा. एका सामन्यात १२२६ धावा देणाऱ्या संघाला आणखी एका फलंदाजाची गरज नव्हती. त्याला गोलंदाज हवा होता. उंबरठ्याशी आला तो फलंदाज होता, म्हणून तो घेतला. त्याने आपले काम चोख केले, आणि तरी सामना ३७४ धावांनी गेला. हिरा अस्सल होता, अंगठी दुसऱ्याच बोटाची होती.

*

लगेच पुढचा हंगाम, १९४५-४६. इंदुरात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. त्या एका डावात सहा जणांनी शतके केली: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. एका डावात सहा शतके हा विक्रमच होता. यात कॉम्प्टन नाही, आणि मुश्ताक अलींचेही शतक नाही. पण याच सामन्यातला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. म्हैसूरच्या एका डावात सरवटे यांनी ६१ धावांत ९ बळी घेतले. शतक करणारा आणि नऊ बळी घेणारा माणूस एकच होता.

इथे गरज आणि गुण यांचा वाद वेगळ्या वाटेने सुटताना दिसतो. रिकाम्या दोन जागा एका माणसाने भरल्या. सरवटे यांची सगळी कारकीर्दच अशी आहे. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरे संघाविरुद्ध ते दहाव्या क्रमांकावर आले. भारताच्या ९ बाद २०५ झालेल्या होत्या. अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी आणि सरवटे यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहावा आणि अकरावा अशा दोघांनी एकाच डावात शतके करण्याचा हा एकमेव प्रसंग. पुढच्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात हेच सरवटे कसोटीत सलामीला गेले. जिथे जागा, तिथे उभे राहायचे.

मुश्ताक अलींचेही तसेच. १९३४ च्या जानेवारीत कलकत्त्याला ते पहिली कसोटी खेळले तेव्हा त्यांची ओळख डावखुरा फिरकी गोलंदाज अशी होती. दोनच वर्षांनी, १९३६ साली, मँचेस्टरला ते मर्चंट यांच्याबरोबर सलामीला आले, दोघांनी २०३ धावांची भागी केली आणि मुश्ताक ११२ करून परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय ठरले. गोलंदाज म्हणून घेतलेल्या मुलात सलामीवीर दडलेला आहे, हे कुणाला तरी दिसावे लागते.

१९४५-४६ चा अंतिम सामना इंदुरातच बडोद्याविरुद्ध झाला. पन्नाशी गाठलेल्या सी. के. यांनी २०० धावा केल्या. बडोद्याचे दोन्ही डाव होळकरांच्या गोलंदाजांनी संपवले, १९८ आणि ३६१, आणि ५६ धावांनी पहिला करंडक इंदूरला आला. आदल्या वर्षी कॉम्प्टन असताना जे झाले नाही, ते तो नसताना झाले.

*

मात्र यावरून गरजच आधी, असा निकाल कुणी देऊ नये. कारण तिसरा प्रसंग लगेच आडवा येतो.

मार्च १९४७, बडोदे. पुन्हा तेच दोन संघ अंतिम सामन्यात. होळकरांचा पहिला डाव २०२ वर संपला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले. तिथून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोद्याच्या ७८४ झाल्या आणि होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले.

हे हजारे कोण? सांगलीचे. आपल्या कृष्णाकाठचा माणूस. तरुणपणी ते कुठे होते? इंदूरपासून चाळीसएक किलोमीटरवर, देवासला! देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांच्या आश्रयाला. हेच विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून दत्तक आले. हजारे त्या काळात मध्य हिंदुस्थानकडून रणजी करंडकात खेळलेही होते. पुढे महाराष्ट्राकडून खेळताना १९३९-४० मध्ये पुण्याला त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या आणि मग त्याच बडोद्याने त्यांना आपल्याकडे नेले. ज्याने आपल्याला फोडून काढले त्यालाच नोकरी द्यावी, हे शहाणपण बडोद्याने दाखवले. सांगलीचा हिरा देवासवरून बडोद्याला गेला आणि २८८ धावा होऊन इंदूरच्या डोक्यावर पडला. हजारे शेवटपर्यंत, २००४ साली निधन होईपर्यंत, बडोद्याचेच राहिले.

म्हणून वाटते, गरज पाहणारा माणूस आजची अडचण सोडवतो, पण गुण पाहणारा उद्याची अडचण टाळतो. जो हिरा आपण घेत नाही तो नाहीसा होत नाही. तो समोरच्याच्या हातात दिसतो.

*

मग आमच्या ओट्यावरच्या वादात खरे कुणाचे? मला वाटते, दोन्ही बाजूंना एक माणूस दिसत नव्हता, तो म्हणजे कोंदण घडवणारा. यशवंतरावांनी थैली सोडली, पण आलेल्या माणसांचा संघ सी. के. यांनी केला. होळकरांची चारही विजेतेपदे त्यांच्याच नेतृत्वाखालची. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत त्यांनी संघाला आठ वेळा अंतिम सामन्यात नेले. त्यांची शिस्त कडक होती आणि ती आधी त्यांना स्वतःला लागू होती. १९५१-५२ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. ते तंबूत परतले नाहीत, खेळत राहिले. असा कर्णधार ज्या संघात उभा असतो, तिथे निंबाळकरांनी वरच्या क्रमांकासाठी हट्ट धरायचा नसतो आणि सरवटेंनी आज सलामी की गोलंदाजी असे विचारायचे नसते.

कोंदणातून निसटलेल्या हिऱ्याचे काय होते, तेही याच संघातल्या एका माणसाने दाखवले. भाऊसाहेब निंबाळकर १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि संघ घरी गेला. एवढ्या धावा करणारा हा माणूस एकही कसोटी खेळला नाही. गुण होता, पण त्याच्यासाठी भारतीय संघात जागा करणारा कुणी भेटला नाही. २०१२ साली कोल्हापुरात ते गेले तेव्हाही त्यांची ओळख त्या हुकलेल्या नऊ धावांनीच करून दिली गेली.

थैलीचे आयुष्यही संपायचेच होते. १९४८ च्या मे महिन्यात इंदूर, ग्वाल्हेर आणि इतर संस्थाने मिळून मध्य भारत झाला. संस्थान गेले, सैन्य गेले, हुद्दे देणारा हात गेला. संघ आणखी काही वर्षे जुन्या पुण्याईवर चालला. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदुरातच मद्रासविरुद्ध झाला, होळकर ४६ धावांनी हरले आणि त्यानंतर होळकर हे नाव रणजी करंडकातून पुसले गेले. आधी मध्य भारत, मग मध्य प्रदेश अशी पाटी आली. करंडक मात्र पुढची जवळजवळ सत्तर वर्षे आला नाही.

बाकावरच्या पोरांची बाजू मांडणाऱ्या आजोबांच्या मित्रांचे म्हणणे इथे पटू लागते. बाहेरून आणलेल्या संघाची मुळे खोल गेली नव्हती, असेच हे सत्तर वर्षांचे अंतर सांगते ना? पण पूर्ण खरे तेही नाही. आणलेली माणसे नुसती पाहुणी राहिली नाहीत. सी. के. इंदुरातच राहिले आणि १९६७ च्या नोव्हेंबरात इथेच गेले. सागरचे सरवटे इंदूरचे झाले, भारतीय संघाच्या निवड समितीवर गेले आणि २००३ साली इथेच त्यांनी डोळे मिटले. त्यांनी आणि जगदाळेंसारख्यांनी मागे जे ठेवले ते करंडकात मोजता येत नाही. ते सकाळच्या सरावाला वेळेवर येणाऱ्या मुलांच्या पिढ्यांत मोजावे लागते.

आणि शेवटी करंडक आला तोही याच प्रश्नाचे उत्तर घेऊन आला. १९९८-९९ साली बंगळूरला मध्य प्रदेश अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून हरला तेव्हा कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. तेवीस वर्षांनी तेच पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होऊन त्याच मैदानावर परतले. २६ जून २०२२ रोजी मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवले. धावा केल्या त्या यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६ आणि इंदूरच्या रजत पाटीदारने १२२. या खेपेस बाहेरून आणला तो कोंदण घडवणारा आणला, आणि हिरे बहुतेक घरचेच निघाले. यशवंतराव महाराजांना ही युक्ती परकी वाटली नसती. १९२३ साली नागपूरहून आणलेल्या माणसाने अखेर हेच तर केले होते. खुद्द मुश्ताक अलींना त्यानेच इंदूरच्या गल्लीतून उचलले होते.

हे सारे मी सीमाभागातल्या अंकासाठी का लिहितो? सांगलीचे हजारे बडोद्याला, कोल्हापूरचे निंबाळकर इंदूरला, हे तुमच्याच परिसरातले हिरे. तुमच्या शाळांत, वाचनालयांत, नाट्यमंडळांत आणि क्रीडामंडळांत दरवर्षी कार्यकारिणी निवडताना हाच प्रश्न येत असणार. घरात कानडी बोलणारा पण मराठी नाटकात जीव ओतणारा मुलगा समोर उभा असतो आणि कुणीतरी म्हणते, सध्या आपल्याला तशी गरज नाही. होळकरांच्या चौदा हंगामांचा हिशेब पाहिला तर त्या मुलाला परत पाठवू नये, असे वाटते. त्याला घ्यावे, आणि घेतल्यावर त्याला कुठे उभे करायचे याचा विचार करणारा एक माणूसही मंडळात असावा. तो नसेल तर मुलगा कितीही गुणी असो, सी. एस. नायडूंसारखा एकटाच ९१७ चेंडू टाकत राहील, आणि सामना तरीही हातचा जाईल.